दौऱ्यावरून थेट स्टुडिओत नको
अरे, नवरात्रीच्या नऊ रात्री वाजवून लगेच रेकॉर्डिंगची तारीख घेतलीस, ती आधी पुढे ढकल. आम्ही हीच चूक केली. सुरत, भरूच, आणंद करून वडोदऱ्यात परतलो आणि दुसऱ्याच दिवशी स्टुडिओ गाठला. वरच्या सा'ला गायकाचा आवाज फाटायचा, ड्रमर क्लिकच्या, म्हणजे हेडफोनमधल्या तालाच्या ठोक्याच्या, पुढे पळायचा. एका अंतऱ्याचे 22 टेक झाले, मग भांडण. बीटल्ससुद्धा 1964 साली दौऱ्यांच्या फटींतून रेकॉर्डिंग करत होते. त्या डिसेंबरातल्या अल्बमच्या 14 गाण्यांपैकी 6 दुसऱ्यांची होती. नवं लिहायला उसंत कुठली? निदान दहा दिवस गळ्याला आणि कानांना विश्रांती दे. गाणी मोबाइलवर कच्ची रेकॉर्ड करा, संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठावर बसून ऐका, अडेल ती ओळ तिथेच बदला. स्टुडिओत मीटर तासावर पळतं.