शेजारची मुलं तात्पुरती सांभाळताना: स्टॅम्प करू नका

ताई, दगडफेकीनंतर शेजारची दोन भावंडं आठ दिवसांपासून तुमच्याकडे, बाप कोठडीत, आई धुळ्याला सिव्हिलला, आणि नातेवाईक म्हणताहेत "स्टॅम्पवर लिहून घ्या". वाचलं आणि आमचंच घर आठवलं. स्टॅम्प करू नका. बाकीचं निवांत वाचा.

मी वकील नाही, तापीकाठचा साधा शेतकरी. आमच्याकडेही असाच एक सात वर्षांचा पोरगा होता. चपला पायात ठेवूनच निजायचा. बायकोने काढल्या की उठून परत घालायचा. "माय कव्हय येई?" एवढंच विचारायचा. त्याची माय बरी होईपर्यंतच सांभाळायचं होतं हो! पण कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याने शंभराच्या स्टॅम्पवर आपल्या मनाने 'दत्तक' घातलं. आजीने अंगठा दिला, मी न वाचता सही ठोकली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात असं परस्पर दत्तक देणं-घेणं गुन्हा आहे: कलम ८०, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखाचा दंड किंवा दोन्ही. तोच कागद मी शाळेत ऐटीत दाखवला. आमच्यावर गुन्हा नाही झाला, पण पोरगा चार महिने बालगृहात गेला.

परत आणायला एका कार्यालयात (नाव घेत नाही) सहा चकरा मारल्या. साहेब कायम मीटिंगला. सहाव्या चकरेला म्हणे, असा अर्ज आलाच नाही! माझ्याकडे पोच नव्हती. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

एकटं पडलेलं मूल २४ तासांत कळवायचं असतं. तुमचे आठ दिवस झालेत, तरी उद्याच १०९८ ला (मुलांसाठीची मदतवाहिनी) फोन करा आणि मुलांना घेऊन जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जा. काय घडलं ते सरळ सांगा. प्रतिपालकत्वाचा, म्हणजे दत्तक न घेता तात्पुरतं मूल सांभाळायचा, आदेश तीच समिती देते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४००० रुपये आहेत; राज्याची बाल संगोपन योजना वेगळी, २२५० ची. टेबलापलीकडचेही दोन्हींत घोळ करतात. रक्कम एकदा विचारून घ्या, आणि पैशाच्या भरवशावर तर मूल घेऊच नका, हे माझं मत.

भावंडं एकाच घरी राहू द्या, हे अर्जातच लिहा. आणि समितीला विचारून मुलांना आईकडे भेटायला नेत जा. एसटीची तिकिटं जपू नका, ते पैसे मला तरी कोणी दिले नाहीत.