नाम झाल्यावर क्रियापदाचे किती उरते?

क्रियापदाचे किंवा सबंध वाक्याचे नाम भाषा कशा करतात, असे आपण विचारले आहे. प्रत्ययांची यादी करण्यापेक्षा, नाम झाल्यावरही त्यात क्रियापदाचे कोणते गुण शिल्लक राहतात हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते, आणि त्यासाठी मराठी पुरेशी आहे.

‘वाचणे’ आणि ‘वाचन’ ही दोन्ही धातुसाधित नामेच. परंतु ‘रोज पुस्तक वाचणे’ या रचनेत कर्म जसेच्या तसे राहते आणि ‘रोज’ हे क्रियाविशेषणही टिकते. ‘वाचन’ म्हणताच मात्र ‘पुस्तकाचे रोजचे वाचन’ असे म्हणावे लागते, म्हणजे कर्माला षष्ठी लागते आणि क्रियाविशेषणाचे विशेषण होते. ‘न वाचणे’ चालते, ‘न वाचन’ चालत नाही. ‘वाचणे’ विभक्ती घेते (‘वाचण्याला’, ‘वाचण्याने’), तरी आतून ते बरेचसे क्रियापदच आहे.

‘-णे’ने काळ मात्र दाखवता येत नाही. ती गरज ‘तो आल्याचे कळले’, ‘तो येत असल्याचे कळले’, ‘तो येणार असल्याचे कळले’ अशा रचना भागवतात. वृत्तपत्रांना ही सोय फार प्रिय आहे: ‘चौकशी सुरू असल्याचे सांगण्यात आले’ या वाक्यात चौकशी कोण करतो आणि सांगितले कोणी, हे दोन्ही अलगद गळून पडते.

तुर्कीतही असेच दोन मार्ग आहेत. ‘गेल्मेसिनि इस्तियोरुम’ म्हणजे त्याने यावे अशी माझी इच्छा आहे, तर ‘गेल्दिईनि बिलियोरुम’ म्हणजे तो आल्याचे मला माहीत आहे. पहिल्यात नुसती क्रिया, दुसऱ्यात वस्तुस्थिती. फरक असा की तेथे दोन्हींत कर्त्याला षष्ठी लागते, जी मराठीत ‘त्याचे येणे’मध्ये दिसते, ‘तो आल्याचे’मध्ये नाही.

वाक्याला अजिबात हात न लावताही त्याचे नाम करता येते. जपानीत वाक्यामागे ‘कोतो’, म्हणजे ‘गोष्ट’, हा शब्द ठेवतात. मराठीत ‘तो आला हे मला माहीत आहे’ आणि ‘तो आला असे मला वाटले’ असे दोन प्रकार होतात, आणि त्यांची अदलाबदल सहसा चालत नाही: ‘तो आला हे मला वाटले’ कानाला खटकते. ‘हे’ वाक्याला एक ठरीव बाब म्हणून पुढे ठेवते (म्हणूनच ‘तो आला हे खोटे आहे’ असेही म्हणता येते), तर ‘असे’ मनातला किंवा कोणाच्या तोंडचा मजकूर तेवढा सांगते.