'धिस गर्ल' आवडलं. मूळ बँडचं काय ऐकू?

फ्रेंच डीजे कुंग्सचं 'धिस गर्ल' हे २०१६ मधलं रिमिक्स, पण मूळ गाणं मेलबर्नच्या 'कुकिन ऑन थ्री बर्नर्स' या बँडचं. त्यांच्या 'सोल मेसिन' (२००९) या अल्बममध्ये ते कायली ऑल्डिस्टने गायलंय. सुरुवात तिथूनच करा.

मग मागे जाऊन 'बेक्ड, ब्रॉइल्ड अँड फ्राइड' (२००७) लावा. मला हाच जास्त जवळचा. ऑर्गन, गिटार, ड्रम्स, बस्स! बेस गिटार नाहीच. खालचे सूरही जेक मेसन हॅमंड ऑर्गनवरच वाजवतो. हेडफोन लावून फक्त तेवढेच सूर पकडून बघा, या बँडची खरी मजा तिथे आहे. त्यानंतर 'ब्लाइंड बेट' (२०१४). रिमिक्सपेक्षा ही रेकॉर्डिंग्ज कितीतरी जिवंत वाटतात.