आजोबांची फिरती खुर्ची आणि हरवलेले चाक

प्रश्न : आजोबांनी १९३५च्या सुमारास वकिलीसाठी घेतलेली सागवानी फिरती खुर्ची आमच्याकडे आहे. तिचे एक चाक हरवले, म्हणून एका कारागिराकडून चारही पायांना काळी नायलॉनची जोडचाके बसवून घेतली. दोन महिन्यांतच एक चाक निसटू लागले, त्या पायाला उभी चीर गेली आणि खुर्ची तर कोल्हापुरी फेट्याखाली रबरी स्लीपर घातल्यासारखी दिसते. जुन्या धाटणीची, पण टिकाऊ चाके कोठे मिळतील?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उरलेली तीन चाके आपण भंगारात दिली नसतील, अशी आशा आहे. आजच्या ऑफिसच्या खुर्चीच्या चाकाचा दांडा बहुधा ११ मि.मी. जाड आणि जेमतेम २२ मि.मी. लांब असतो; जुन्या खुर्च्यांत पुष्कळदा तीन सुती, म्हणजे सुमारे साडेनऊ मि.मी. जाडीचा, पण त्याहून लांब दांडा असे आणि तो पायात ठोकलेल्या लोखंडी नळीत अडकून राही. ती नळी उपटून भोक मोठे केले की आखूड दांड्याला पुरेसा आधार उरत नाही आणि मागे रेलताना येणारा ताण भोकाच्या तोंडाशी एकवटून लाकूड रेषेने फाटते. म्हणून आधी चिरेत पातळ इपॉक्सी भरून शिकंजा लावावा, भोक सागाच्याच खुंटीने बुजवावे आणि मग जुन्या नळीच्या मापाने ते नव्याने पाडावे.

मुंबईच्या चोर बाजारात सुटी जुनी चाके क्वचित मिळतात, पण एकसारखी चार मिळणे नशिबाचे काम आहे. आमच्या मते चाके धरून ठेवणारे जुने सांगाडे राखावेत आणि फक्त गोल चाके नवी करून घ्यावीत. शिवाजी उद्यमनगरात लेथवाले आणि ओतकामवाले दोघेही असल्याने कोल्हापूरकरांना यासाठी गावाबाहेर जावे लागत नाही. चौथ्या सांगाड्यासाठी उरलेल्यांपैकी एक नमुना म्हणून द्यावा. मात्र थंड होताना बीड (ओतीव लोखंड) सुमारे एक टक्का आणि पितळ दीड टक्का आकसते, तेवढी सूट साच्यात ठेवण्यास सांगावे.

लोखंडी चाक शहाबादी फरशीवर खडखडते आणि ओरखडेही काढते. कापडाचे थर दाबून केलेल्या तपकिरी बेकेलाइटच्या दांड्यातून चाके कातून घेतल्यास ती चिवट होतात आणि काळाशीही विसंगत ठरत नाहीत, कारण बेकेलाइटचा शोध १९०७चा आहे. खुर्ची १८९०ची असती, तर आम्ही लाकूड, पितळ किंवा चिनी मातीच सुचवली असती.

भार मोजताना चाराने भागू नये. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले, तरी मागे रेलल्यावर बहुतेक वजन दोनच चाकांवर येते. तेव्हा प्रत्येक चाक व त्याचा आस किमान ५० किलो पेलणारा हवा. बसवल्यानंतर सोप्यातल्या सपाट फरशीवर एखादा पाय अधांतरी राहिलाच, तर लाकूड न तासता त्या चाकाच्या दांड्यात पातळ पितळी वॉशर घालावा.