ताब्यातील निर्वासितांसाठी धरणे : तोंडी नकार आणि मंचावरची माणसे

प्रश्न : महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमचा छोटा गट आहे. निर्वासितांना अनिश्चित काळ अटकाव केंद्रात ठेवण्याच्या निषेधार्थ आम्हाला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर एक दिवसाचे धरणे धरायचे आहे. पोलीस ठाण्यात "सदतीस कलम लागू आहे, परवानगी मिळणार नाही" असे तोंडी सांगितले गेले. ताब्यातील एकाचे दोन नातेवाईक धरण्यात बोलू इच्छितात. त्यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : तोंडी नकाराला कायद्यात फारशी किंमत नाही आणि न्यायालयात त्याला आव्हान देणेही अवघड जाते, म्हणून प्रथम लेखी अर्ज द्यावा. त्यात दिनांक, वेळ, जागा, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावे लिहावीत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी आणि परवानगी नाकारायची असल्यास कारणांसह लेखी कळवावे, अशी विनंती त्याच अर्जात करावी. ध्वनिक्षेपकासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) खालील जमावबंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ टिकत नाही. त्यामुळे मूळ आदेशाची प्रत मागून त्यावरील तारखा स्वतः वाचाव्यात. पुष्कळदा वादाचा निकाल तिथेच लागतो. आदेश मुदतीत असला, तरी तो तपासणीपलीकडचा नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने माजलगाव येथील नागरिकत्व कायद्याविरोधी धरण्याला आड येणारा असाच आदेश रद्द केला आणि शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. आपल्यालाही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिका करून, तोच मार्ग मोकळा आहे. मात्र आदेश अमलात असताना तो झुगारून बसू नये, असे माझे मत आहे, कारण गुन्हा नोंदला गेला की चर्चा ताब्यातील माणसांची न राहता आपल्या गटाची होते. रस्ता अडवणेही टाळावे. दिल्लीतील शाहीनबागेत नागरिकत्व कायद्याविरोधात रस्त्यावर चाललेल्या धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असे म्हटले आहे.

आपल्या पत्रातील खरी काळजीची बाब त्या दोन नातेवाइकांची आहे. शांततेने एकत्र जमण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क फक्त नागरिकांना आहे. अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र म्हणजे वास्तव्याचा परवाना ठरत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व विदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात वैध कागदपत्रांविना प्रवेशासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. २०२० मध्ये एका मोर्चात दिसलेल्या पोलंडच्या विद्यार्थ्याला देश सोडण्याची नोटीस मिळाली होती; कोलकाता उच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण त्याच्याकडे विद्यार्थी व्हिसा होता. या दोघांकडे तेवढाही आधार नाही.

म्हणून त्यांना मंचावर बसवू नये. त्यांचे निवेदन त्यांच्या संमतीने, नाव-पत्ता वगळून, आपल्यापैकी एखाद्या नागरिकाने वाचावे. त्यांची छायाचित्रे काढू नयेत आणि ती समाजमाध्यमांवर जाऊ देऊ नयेत. हे त्यांचा आवाज दाबणे नव्हे. धोका ज्याला परवडतो त्याने उचलावा, एवढेच मला सांगायचे आहे. तरीही त्यांनी बोलायचेच ठरवले, तर आधी त्यांची एखाद्या वकिलाशी स्वतंत्र भेट घडवावी.

फलकांवर एखाद्या अधिकाऱ्यावर आरोप करण्याऐवजी नेमक्या मागण्या लिहाव्यात : ताब्यातील प्रत्येकाला वकील भेटू द्यावा, कोठे ठेवले आहे ते कुटुंबाला कळवावे, आजाऱ्यांवर उपचार व्हावेत. पोलिसांनी कोणाला अटक केलीच, तर कारणे सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्या दिवशी एक वकील फोनवर उपलब्ध ठेवावा.

याच्या जोडीला त्या ताब्यातील व्यक्तीसाठी उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका (हेबियस कॉर्पस, म्हणजे ताबा कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे अशी याचिका) करता येईल का, हेही तपासावे. ती नातेवाइकानेच करावी असे बंधन नाही. हितचिंतक नागरिकही करू शकतो. ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत ताब्यात असलेल्या रोहिंग्यांच्या सुटकेचा अंतरिम आदेश दिला नाही, हे खरे आहे, परंतु विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवता येणार नाही, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. ताब्याचा आदेश कोणी, कोणत्या तरतुदीखाली आणि केव्हा काढला, याची कागदपत्रे आतापासूनच मिळवायला लागावे.