दोरीला हात लावण्याआधी
जुन्या चेनसॉबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या माघारी माळ्यावर एक भला थोरला चेनसॉ सापडला. वीसेक वर्षं कुणी हात लावलेला नाही. दोरी ओढली तर जागची हलत नाही. भाऊ म्हणतो, प्लगच्या भोकातून लाकडी दांडा घालून हातोडीचे दोन ठोके दिले की सुटेल. देऊ का?

उत्तर : भावाला दुसरं काही काम लावा आणि हातोडी लपवून ठेवा. असा ठोका मी स्वतः देऊन बसले आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. माझा दांडा मधोमध न बसता कडेला बसला आणि रिंगेच्या खाचेजवळ टवका उडाला. नंतर उघडून पाहिलं तर नुसता गंज होता, तेलाने सुटला असता. तसा दुसरा पिस्टन हाती लागायला मला चौदा महिने लागले.

आधी दोरीच्या बाजूचं झाकण काढा आणि फ्लायव्हील, म्हणजे आतलं पाती असलेलं जड चाक, हाताने फिरवून बघा. कित्येकदा इंजिन चांगलं मोकळं असतं, अडकलेली असते ती दोरीची कप्पी. फ्लायव्हीलही हलत नसेल तर सायलेन्सर काढून त्या तोंडातून बॅटरी मारा. पिस्टनची बाजू दिसते. तपकिरी डाग असतील तर गंज. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं पातळ तेल ओता, चार दिवस विसरून जा, मग फ्लायव्हील पुढे-मागे हलकेच डोलवा. इकडे केसभर हललं तरी काम झालं म्हणा. उभे चकचकीत ओरखडे दिसले तर मात्र गोष्ट वेगळी. कधीतरी तेल कमी पडून पिस्टन तापला आणि सिलिंडरला चिकटला. मग इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

सुटल्यावर लगेच पेट्रोल घालू नका, करंट बघा. प्लग बाहेर काढून, वायर लावलेली ठेवून त्याचं अंग इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढा. आत पेट्रोलची वाफ असेल तर भडका तुमच्या तोंडावर येईल. ठिणगी दिसली नाही की लोक ‘कॉइल जळाली’, म्हणजे ठिणगीचा करंट तयार करणारी गुंडाळी गेली, असं ठरवून मोकळे होतात. मी आधी पॉइंट बघते, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे धातूचे संपर्क.

जुन्या मशीनमध्ये पॉइंट बहुधा फ्लायव्हीलखाली, एका छोट्या पत्र्याच्या झाकणाआड असतात. फ्लायव्हील पुलरने, म्हणजे चाक ओढून काढायच्या हत्याराने काढा. पात्यांखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलंत तर पाती तुटतील. पडून राहिलेल्या पॉइंटांच्या तोंडावर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा धरतो आणि करंट तिथेच अडतो. जाड कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामध्ये धरून ओढा. पट्टीवर राखाडी रेघ उमटते. दुसरी पट्टी थिनरमध्ये बुडवून, तिसरी कोरडी, अशी पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. मग पॉइंट उघडे असताना त्यांच्यातली फट, म्हणजे गॅप. पुष्कळ जुन्या मशीनना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर लागतो. तुमच्या मशीनचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं. आणि फट मोजायच्या पातळ पात्या, म्हणजे फीलर गेज, आधी पुसून घ्या हो! गेजची पाती तेलात ठेवलेली असतात. तेच तेल नुकत्याच पुसलेल्या पॉइंटांना फासून मी एकदा अख्खी संध्याकाळ कॉइलला शिव्या घातल्या आहेत.

प्रश्न : टाकीच्या झाकणावर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण १६:१ लिहिलंय. मुलगा म्हणतो आता सगळे ५०:१ घालतात.

उत्तर : दोघंही आपापल्या काळात बरोबर. १६:१ लिहिलं तेव्हा लोक साधं इंजिन ऑइल मिसळत. आजचं टू-स्ट्रोक ऑइल पुष्कळ सरस आहे, त्याचं १६:१ केलंत तर धूर आणि काजळी पदरात पडेल. तरी जुन्या बेअरिंगना ५०:१ वर सोडायला माझा हात धजत नाही. मी चांगल्या ऑइलचं ३२:१ वापरते, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिलिलिटर. प्रमाण बदललं की कार्बोरेटर पुन्हा जुळवा. तेल जास्त म्हणजे त्याच थेंबात पेट्रोल कमी, हे विसरायला होतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत ठेवून द्यायचं नाही. ते पाणी ओढतं, आणि जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, खराब करतं.

प्रश्न : क्लच निघत नाही. पान्याला पाइप लावूनही नाही.

उत्तर : पाइप काढा. बहुतेक चेनसॉच्या क्लचला उलटे आटे असतात. तुम्ही तो आवळताय.

प्रश्न : माझा जुना सॉ उभा असताना सुरेख चालतो, आडवा केला की बंद पडतो. काय बिघडलं असेल?

उत्तर : बहुधा काहीच नाही. त्यात फ्लोटचा कार्बोरेटर असेल. आत पेट्रोलवर तरंगणारा गोळा असतो, मशीन कलंडलं की त्याचं गणित चुकतं. म्हणून त्या काळच्या बऱ्याच सॉमध्ये इंजिन सरळ ठेवून पुढचा गिअरबॉक्स आणि बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, एवढंच फिरवायची सोय असे. स्क्रू सैल करून बघा, तुमचाही फिरत असेल. पुढे डायफ्रामचे कार्बोरेटर आले आणि सॉ हवा तसा धरता येऊ लागला. वजनही उतरलं. १९२९ चा श्टील या जर्मन कंपनीचा पेट्रोल सॉ ४६ किलोचा होता, उचलायला दोन माणसं. १९४९ मध्ये मॅकलॉक या अमेरिकन कंपनीचा ३-२५ आला तो २५ पौंडांचा, म्हणजे अकरा-साडेअकरा किलो. त्याच्या नावातले २५ ते हेच.

प्रश्न : चेनसॉ म्हणे बाळंतपणासाठी शोधला गेला. खरं का?

उत्तर : अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाचा सांधा कापायला साखळीची बारीक करवत केली होती, हे खरं. ती हाताने ओढायची. झाडाशी तिचा संबंध नाही. जेवताना हा विषय काढू नका.

प्रश्न : रंग पार उडालाय. सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूचा मारा करून जुना रंग काढून, नवा मारू?

उत्तर : माझं ऐकाल तर नको. रंग पुन्हा कधीही मारता येतो, मूळचा एकदाच असतो. बाजूवरच्या कंपनीच्या चिठ्ठ्या तर जिवापाड जपा. शिवाय या मशीनचं अंग बहुतेकदा मॅग्नेशियमचं असतं. त्याचा भुसा पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पूड धरली असेल तर ती मऊ ब्रशने काढा, आणि स्क्रू परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा. पुढच्या माणसाचे आशीर्वाद लागतील.

प्रश्न : सॉबरोबर एक चेन मिळाली, तिचे दात हातकरवतीसारखे सरळ आहेत. तिला कानस मारून सॉ घरच्या लाकडांसाठी वापरावा म्हणतो.

उत्तर : ती चेन भिंतीवर लावा. ओरबाडणाऱ्या दातांची ती जुनी तऱ्हा. १९४६ मध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी निरखून पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालतात. त्यावरून त्याने वळलेल्या दातांची चेन केली, ती १९४७ मध्ये ओरेगनातल्या पोर्टलंडमधून विकायला लागला. आजच्या चेन त्याच वंशातल्या. तुमच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा पिच (दातांमधलं अंतर) मोजून तशी चेन घ्या.

आता वापराचं. जुन्या सॉला चेन झटक्यात थांबवणारा चेनब्रेक नसतो. बारचं टोक कुठे टेकलं आणि सॉ उसळला तर मध्ये फक्त तुमचा डावा हात. हँडलला रबरही नसतं, सगळी थरथर बोटांत उतरते. त्या काळच्या लाकूडतोड्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर व्हायची ती यानेच. रोजच्या लाकडांना नवा सॉ घ्या. जुना मी चालवते तो घट्ट बांधलेल्या आडव्या ओंडक्यावर, दहा मिनिटं, बारचं टोक लाकडाबाहेर मोकळं ठेवून. मग टाकी रिकामी करते आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते.