दर महिन्याला नवं प्रदर्शन लावायचं आहे? आधी रिकामे दिवस ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका वाचनालयाचा वरच्या मजल्यावरचा हॉल कलादालनासाठी मिळालाय, स्थानिक चित्रकारांना तिथे संधी द्यायची आहे, वर्षाला बारा प्रदर्शनं करायची इच्छा आहे, आणि वेळापत्रक कसं बसवावं, तयारी काय लागते, हे विचारलंय. इथल्याच एका छोट्या दालनाची मांडणी मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारा करू नका. सहा करा.

आपल्याकडे प्रदर्शन म्हटलं की डोळ्यासमोर मुंबईचं जहांगीर कलादालन येतं. तिथे मंगळवारी चित्रं लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. एक आठवडा, संपलं. पण १९५२ पासून ते दालन काळा घोड्याला उभं आहे. आजूबाजूला म्युझियम, ऑफिसं, कॉलेजं. दारावरून जाणारा माणूस सहज आत डोकावतो. तुमच्या हॉलच्या जिन्यावरून सहज कोण जाणार? पेपर वाचायला येणारे आजोबा आणि स्पर्धा परीक्षेची पोरं. तुमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस ठरवून येणार, आणि आपल्या गावात ठरवायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात चित्रकाराचे नातेवाईक आणि मित्र येतात, दुसऱ्यात कलाशिक्षक. ज्याचा चित्रकलेशी काही संबंध नाही असा माणूस, कुणीतरी सांगितलं म्हणून, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. सामुदायिक दालन नेमकं त्याच्यासाठी असतं, आणि महिन्याच्या चक्रात तो जिना चढेपर्यंत तुम्ही खिळे उपटत असता.

माझा हिशेब असा. सहा प्रदर्शनं, प्रत्येक सहा आठवड्यांचं, आणि प्रत्येकानंतर दहा दिवस हॉल रिकामा. उरतात साधारण सात आठवडे. ते एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टाका आणि सरळ कुलूप लावा. त्या दिवसांत पारा बेचाळिसाच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री दहालाही तापलेला असतो.

हे दहा रिकामे दिवस कमिटीत कुणालाच पटत नाहीत. 'एवढा हॉल मिळालाय आणि बंद ठेवायचा?' पण उतरवणं, बांधणं, परत पाठवणं, भोकं बुजवणं, रंगाचा हात मारणं, नवीन चित्रं घेणं, तपासणं, मांडणं, लाइट फिरवणं ही सगळी कामं नोकरी-धंदा सांभाळून करणाऱ्या चार माणसांनी करायची असतात. दोन दिवसांत उरकलं की चित्रं तिरकी लागतात आणि पाट्यांवर नावं चुकतात. स्वतःचं नाव चुकलेलं चित्रकार जन्मभर विसरत नाही.

नवीन काहीतरी सतत दिसलं पाहिजे ही तुमची भावना मात्र रास्त आहे. त्यासाठी एक भिंत वेगळी काढा. जिन्यातून वर आल्याबरोबर समोर येते ती. बाकी हॉल सहा आठवड्यांनी बदलेल, ही एक भिंत दर पंधरवड्याला. तिथे शाळांची कामं लावा, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या मुलांची लावा, एखाद्याचं एकच मोठं चित्र लावा. पोराचं चित्र लागलं की आई-बाप, आजी, शेजारी सगळे येतात आणि आलेच आहेत तर आतलंही बघतात. या भिंतीला खिळे नकोत. वरून अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यात सरकणारे हूक आणि खाली सोडलेली बारीक स्टीलची तार, म्हणजे अर्ध्या तासात भिंत बदलते. बजेट जमलं तर सगळ्याच भिंतींना हे करा. नायलॉनची दोरी वापरू नका, ती वजनानं ताणत जाते.

उंचीबद्दल एकच सांगतो, कारण सगळीकडे हेच बिघडलेलं दिसतं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर आला पाहिजे. वरची कड एका रेषेत आणायचा मोह सोडा. घरात देवांचे आणि पूर्वजांचे फोटो दाराच्या वर लावायची आपल्याला सवय, त्यामुळे हात आपोआप वर जातो. मुलांच्या भिंतीवर तर आणखी सहा-आठ इंच खाली या.

तारखा ठरवताना इंग्रजी कॅलेंडरच्या आधी गावाचं कॅलेंडर काढा. जानेवारीत १२ तारखेला हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे तुम्हाला सांगायला नको. त्याला लागूनच संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे सातही नंदीध्वज, रस्त्यावर असताना तुमच्या उद्घाटनाला कुणी येणार नाही, पाहुण्याची गाडीसुद्धा पोचणार नाही. पण डिसेंबरच्या शेवटी उघडलेलं प्रदर्शन यात्रेभर चालू असेल तर बाहेरगावचे पाहुणे घेऊन लोक येतात. जुन्या सोलापूरचे फोटो, भुईकोट, तलाव, इंद्रभुवन, गिरण्यांची धुराडी असा विषय तेव्हाच लावायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी असलेल्या घरातून कुणी हलत नाही, तिथे एखाद्या अभ्यासू चित्रकाराचं शांत प्रदर्शन ठेवा. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी शहरातून जाते, ते दिवस उद्घाटनाला टाळा. आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा सगळा पूर्व भाग, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती, रस्त्यावर असतो. त्याबद्दल खाली बोलतो.

आता उजेड. प्रदर्शनं बदलत का ठेवायची याचं एक कारण गर्दीशी संबंधित नाहीच, ते कागद आणि कापडाशी संबंधित आहे. उजेडानं होणारं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. जलरंग, छापील फोटो, रंगवलेला धागा यांच्यासाठी संग्रहालयांत ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, तैलरंगाला २०० पर्यंत चालतं. रोज आठ तास ५० लक्स म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. भर दुपारचं थेट ऊन साधारण एक लाख लक्स असतं. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून एखाद्या जलरंगावर अर्धा तास ऊन पडलं, तर तुमच्या सव्वाशे दिवसांच्या प्रदर्शनाइतका उजेड त्यानं त्या अर्ध्या तासात खाल्ला. स्केचपेनची कामं तर सगळ्यात आधी उडतात.

म्हणून पहिला खर्च स्पॉटलाइटवर न करता खिडक्यांवर करा. मांजरपाटाचे दुहेरी पडदे पुरतात, आपल्या गावात त्याला काय तोटा. मग एलईडी घ्या, पिवळसर, ३००० केल्विनचे, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर लिहिलंय का बघा. स्वस्त दिव्याखाली लाल रंग मेलेला दिसतो. फोनवरचं लक्स मोजायचं अॅप प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण ५० आणि ५०० मधला फरक सांगतं, तेवढं पुरे.

उन्हाळ्याचं आणखी एक. अॅक्रिलिक रंग गरमीत मऊ पडतो आणि चिकटतो. दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून टेम्पोत टाकले, किंवा बबल रॅप सरळ रंगावर गुंडाळला, की उलगडताना कॅनव्हासवर गोल गोल ठसे मिळतात. मध्ये साधा बटर पेपर घाला, बबल रॅप त्याच्यावरून. आणि चित्रांची ने-आण सकाळी नऊच्या आत.

विषयांबद्दल तुम्ही फार विचारलं नाहीत, पण मला बोलायचं तिथेच आहे. 'स्थानिक चित्रकार' म्हटलं की कॅनव्हास रंगवणारेच डोळ्यासमोर येतात. चादरीच्या कारखान्यांत ग्राफ काढणारी माणसं होती, काही अजून आहेत. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत ते मोर, वेल, फुलं बसवायचे. एक घर म्हणजे ताण्याबाण्याची, उभ्या-आडव्या धाग्यांची, एक भेट. कुठला धागा वर उचलायचा ते त्या घरावरून ठरायचं. त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची, आणि कार्डांची माळ मागावर चढली की भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जायचे. दहा फुटांवरून बघितलं तर ग्राफमध्ये मोर दिसतो. जवळ गेलात की नुसत्या लाल-पांढऱ्या चौकटी, आणि मोराच्या गळ्याची गोलाई पायऱ्या-पायऱ्यांनी कशी चढवलीय ते कळतं. कुठे खोडून दोन घरं सरकवलेली असतात, कडेला पेन्सिलीनं धाग्यांचे आकडे असतात. पुढे हे काम कॉम्प्युटरवर गेलं आणि असे कागद माळ्यावर नाहीतर रद्दीत गेले. ग्राफ, कार्डांची माळ आणि तयार चादर शेजारी शेजारी लावा. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही दालनाला हे सहजासहजी जमणार नाही.

तसंच वॉल हँगिंगचं. हातमागावर रंगीत बाणा हातानं भरत देवादिकांची आणि पुढाऱ्यांची चित्रं विणणारे पद्मशाली विणकर इथे आहेत, आणि त्यांची कामं आपण भेटवस्तूच्या दुकानात बघतो. एकदा ती नीट उजेडात, विणकराच्या नावाची पाटी लावून, चित्र म्हणून लावून बघा. लावताना दोन कोपऱ्यांना खिळे ठोकू नका, मध्ये झोळ येतो. मागे वरच्या कडेला कापडाची पट्टी शिवून घ्या आणि तिच्यातून दांडी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर बसतं. ठेवताना घडी नको, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. कापडाला ५० लक्सच, हे विसरू नका.

निवड हा भांडणाचा विषय. सगळ्यांना खूश करायला 'प्रत्येकी एक चित्र' असं मोठं सामूहिक प्रदर्शन दर वेळी लावलं तर भिंतीवर पन्नास फ्रेम दिसतात आणि एकही लक्षात राहत नाही. असं वर्षातून एकदाच करा, दिवाळीनंतर. बाकी वेळा दोन किंवा तीनच जण. निवड तिघांनी करावी, त्यातला एक चित्रकार नसावा, आणि ज्याचं काम विचारात आहे त्यानं त्या बैठकीला बसू नये. एवढा नियम लिहून ठेवला तरी निम्मी कुरबुर थांबते. पूर्ण थांबत नाही.

कागदपत्रांना कंटाळू नका. चित्र हातात आलं की आवक पावती, फोनवर समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, आधीचा चरा असेल तर पावतीवर नोंद आणि चित्रकाराची सही. प्रवासातल्या नुकसानीची जबाबदारी कुणाची, न विकलेलं काम कुठल्या तारखेपर्यंत न्यायचं, आणि विकलेलं चित्रही शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहणार, हे आधी लिहून घ्या. चित्र विकल्याची लाल टिकली लागल्यावर गिऱ्हाईक 'आजच द्या' म्हणतंच. भिंतीचं भाडं घेऊ नका, विक्रीवर वीस-पंचवीस टक्के घ्या. भाडं घेतलं की पैसेवाल्या हौशींचीच प्रदर्शनं होतात, हे मी बघितलंय.

कुणीतरी तुम्हाला सुचवेलच की चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे, १९१५ चा जन्म, त्यांच्या चित्रांचे मोठे प्रिंट काढून लावूया. नको. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि हुसेन २०११ मध्ये गेले. शिवाय चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळतो असं नाही. पत्रिकेवर किंवा फ्लेक्सवर एखाद्याचं चित्र वापरणार असाल तर स्थानिक चित्रकाराचीही लेखी परवानगी घ्या.

उद्घाटन संध्याकाळी साडेसहाला, भाषणं मिळून वीस मिनिटं, शाल-श्रीफळ एकालाच. पाहुणे बोलत असताना लोकांची पाठ चित्रांकडे असते, म्हणून मी तर म्हणतो माइक भाड्यानं आणूच नका.

सुरुवात कधी करावी, हे तुम्ही शेवटी विचारलंय. ग्राफ आणि वॉल हँगिंगचं प्रदर्शन पहिलं लावा, श्रावणात. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, त्याच सुमाराला उघडा. नारळी पौर्णिमाही बहुतेक त्याच महिन्यात येते. रथाच्या दिवशी हॉल बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊपर्यंत उघडा. पाट्या मराठीबरोबर तेलुगूतही करा. आणि ग्राफ मागायला पूर्व भागात जाल तेव्हा तेलुगू बोलणारा कुणीतरी सोबत न्या, कागद लगेच मागू नका, आधी मागाबद्दल विचारा. पहिल्या भेटीत 'आता कुठं राहिलंय ते' असंच उत्तर मिळेल. पुढच्या आठवड्यात परत जा.